पांझरेचा पाट आणि गावाचे हात

मंदिराचा जीर्णोद्धार पार पडला, कळस चढला, आणि ज्यांनी ज्यांनी पैशाने, धान्याने व अंगमेहनतीने हातभार लावला त्यांची नावे या स्मरणिकेत छापली गेली. हे योग्यच झाले. परंतु पांझराकाठच्या गावांनी पिढ्यानपिढ्या केलेले आणखी एक सामुदायिक कार्य असे आहे की, त्याच्या वर्गणीदारांची यादी कधी कोठे छापली गेली नाही. ते कार्य म्हणजे नदीवरील बंधारे, त्यांचे पाट आणि त्या पाटांवर भिजणारे फड यांची राखण. या कामी खपलेल्या माणसांच्या नावाची शिळा कोठे बसविलेली नाही. तरी त्यांनी काढलेल्या गाळामुळे शेते भिजली, आणि शेते भिजली म्हणून घरे व देवळे उभी राहिली. या मंगल प्रसंगी त्या कार्याचा इतिहास थोडक्यात नजरेखालून घालणे उपयुक्त ठरेल.

नदी आणि बंधारे

पांझरा नदी साक्री तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या डोंगररांगांत उगम पावते. पिंपळनेर, सामोडे या भागातून ती पूर्वेकडे वाहते. कान ही तिची उपनदी. पुढे धुळे शहरात श्री एकवीरा देवीच्या मंदिराजवळून जाऊन नदी उत्तरेकडे वळते आणि मुडावद येथे श्री कपिलेश्वराच्या पायथ्याशी तापीस मिळते. डोंगरात पाऊस बरा पडतो; खाली मैदानात मात्र तो बेभरवशाचा. नदीला उतार चांगला, आणि पात्रात ठिकठिकाणी कातळ उघडा पडलेला. पाऊस वर आणि जमीन खाली, अशा या रचनेत पूर्वजांनी एक गोष्ट ओळखली : कातळावर दगडचुन्याचा बंधारा आडवा घातला, तर पाण्याची पातळी थोडी उंचावते आणि काठाने खोदलेल्या पाटातून ते पाणी आपल्या उतारानेच शेतापर्यंत चालत जाते. मोट नको, बैल नको, इंधन नको.

असे बंधारे केवळ पांझरेवर नव्हते. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण भागात मोसम व आरम या नद्यांवरही ते होते. फडपद्धत निदान तीनचारशे वर्षे जुनी असावी असे अभ्यासक मानतात. खानदेशावर १३८२ ते १६०१ पर्यंत फारुकी सुलतानांची सत्ता होती. पुढे मोगल आले, मराठे आले, आणि १८१८ मध्ये इंग्रज आले. राज्ये बदलली तरी पाट वाहत राहिला, ही या इतिहासातील पहिली ध्यानात ठेवण्याजोगी बाब होय. पाटाची व्यवस्था राजवाड्यातून चालत नव्हती, ती गावातून चालत होती.

या बंधाऱ्यांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. ते एकाखाली एक असे ओळीने बांधलेले होते. वरच्या बंधाऱ्यावरून जे पाणी वाहून जाई, आणि वरच्या शेतांतून जे पाझरून पुन्हा पात्रात येई, ते खालच्या बंधाऱ्यास मिळे. म्हणजे एका गावाचे पाझरलेले पाणी हे पुढच्या गावाचे भिजवणीचे पाणी. नदीकाठची गावे अशा रीतीने एकमेकांस बांधलेली होती.

फड म्हणजे काय

नव्या पिढीतील पुष्कळांना, विशेषतः सुरत, नाशिक, पुणे, मुंबई येथे नोकरीधंद्यास गेलेल्या मंडळींना, फड म्हटले की तमाशाचा किंवा उसाचा फड आठवतो. पांझराकाठी फड म्हणजे बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या एकूण जमिनीचा एक मोठा भाग. अशा जमिनीचे बहुधा चार फड पाडलेले असत. एक फड लहान असेल तर पंचवीसतीस एकरांचा, मोठा असेल तर काहीशे एकरांचाही असे.

नियम असा की, एका फडात एका वेळी एकच पीक घ्यावयाचे. एका फडात ऊस, दुसऱ्यात खरिपाचे भात किंवा बाजरी, तिसऱ्यात रब्बीचा गहू किंवा हरभरा, आणि चौथा फड पडीक. पुढच्या वर्षी ही पाळी फिरे. कोणत्या फडात काय पेरावयाचे आणि कोणता फड मोकळा सोडावयाचा, हे नदीचे पाणी पाहून गाव बसून ठरवी. पाणी कमी दिसले की भिजवणीचे फड कमी करावयाचे, हा सरळ हिशेब होता.

आता कोणी विचारील की, ज्याची जमीन पडीक फडात आली त्याने खावे काय? याची तोड मूळ वाटणीतच करून ठेवली होती. प्रत्येक शेतकऱ्याचा जमिनीचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असे. त्यामुळे एक फड मोकळा राहिला तर सर्वांचाच थोडा भाग मोकळा राही आणि पाणी आले तर सर्वांच्याच थोड्या भागाला येई. टंचाई आली तर ती एकाच्याच घरावर कोसळत नसे, सगळ्यांत वाटली जाई.

या रचनेचे व्यवहारी फायदेही मोठे होते. शेजारीशेजारी सर्वांचे पीक एकच असल्यामुळे पाणी एका वेळी, एका ओळीने फिरे. मधल्या चाऱ्या वारंवार कोरड्या पडून पुन्हा भिजविण्यात पाणी वाया जात नसे. राखण एका ठिकाणी करता येई. जमिनीस पाळीपाळीने विसावा मिळे, त्यामुळे ती चोपण व खारवट होण्यापासून वाचे. कृषिशास्त्राची पुस्तके न वाचता बसविलेली ही घडी होती. पण आज ती पुस्तके वाचणारेही तिची वाखाणणी करतात.

पाटकरी, हवालदार, जागल्या

घडी बसविणे एक आणि ती चालविणे दुसरे. फडाचा कारभार पंच पाहत. त्यांच्या हाताखाली पाटकरी, हवालदार व जागल्या अशी माणसे असत.

पाटकरी हा पाण्याचा मालक नव्हे, तर वाटाड्या. पाटातून चारीत आणि चारीतून शेतात पाणी सोडण्याचे काम तो करी. शेतकऱ्याने स्वतः दारे मोडून आपल्या शेतात पाणी घ्यावयाचे नाही, हा दंडक होता. पाणी कोणाच्या शेतात किती वेळ राहिले हे पाटकऱ्याच्या डोळ्यासमोर घडे. हवालदार त्याच्या कामावर लक्ष ठेवी आणि पंचांचा निरोप पोचवी. जागल्या उभ्या पिकाची राखण करी. गुरे फडात शिरू न देणे व चोरीचपाटी होऊ न देणे ही त्याची जबाबदारी. या सर्वांचा मेहनताना शेतकऱ्यांकडून, पुष्कळदा धान्याच्या रूपात, मिळत असे. ज्यांचे पाणी ते वाटत त्यांच्याच खळ्यावरून त्यांना धान्य मिळे. म्हणून कामचुकारपणा केला तर तो लपत नसे, आणि चोख काम केले तर तेही लपत नसे.

आखाजीला खानदेशात शेतकऱ्याचे वर्ष उलटते. सालदारांचे जुने करार संपतात, नवे होतात. त्यानंतर पावसापूर्वीचे जे दिवस हाती राहत, ते पाटाच्या कामाचे. पाटातील गाळ व झाडोरा काढणे, फुटलेल्या कडा सावरणे, बंधाऱ्याच्या भेगा भरणे ही कामे ज्यांची जमीन भिजते त्यांनी मिळून करावयाची. वरच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे त्याला पाणी आपोआप मिळते, त्याने शेपटाकडचा गाळ का काढावा? परंतु पाट एक आहे, म्हणून त्याचे कामही एक आहे, असा रिवाज होता. नियम मोडणाऱ्यास पंच दंड करीत, आणि पाण्याची पाळी पंचांच्या हातात असल्यामुळे तो वसूलही होई.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्यातील उणीव झाकून ठेवणे बरे नव्हे. पाण्यातील वाटा जमिनीवर ठरलेला होता. ज्याला जमीन नव्हती त्याला पाण्यात वाटा नव्हता. त्याच्या वाट्याला गाळ काढण्याची मजुरी आणि राखणदारी येई. पंचांच्या बैठकीत स्त्रिया नसत, वास्तविक पाणी नसल्याचा पहिला चटका त्यांनाच बसतो. जुन्या कारभारातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु ते घेताना या दोन बाबींची दुरुस्ती करूनच घ्यावे लागेल.

दप्तरातील नोंदी

सरकारी दप्तरात या पाटांच्या खुणा आजही सापडतात. जमाबंदीच्या जुन्या कागदांत बागायत जमिनीचे पाटस्थळ व मोटस्थळ असे भेद केलेले आहेत. पाटाने भिजते ते पाटस्थळ, विहिरीवरील मोटेने भिजते ते मोटस्थळ. पाटस्थळास पाण्यामुळे आकार जास्त बसे. म्हणजे पाट वाहता राहण्यात सरकारचाही स्वार्थ होता. १८७९ मध्ये मुंबई पाटबंधारे कायदा झाला. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही येथील बंधाऱ्यांची दखल घेतलेली आहे. बंधाऱ्याच्या मोठ्या दुरुस्तीकडे सरकारने पाहावे आणि पाण्याची वाटणी व पाटाची साफसफाई लोकांनी करावी, अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी होत गेली.

आजच्या कायद्यातही गावाच्या रिवाजाला जागा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये वाजिब-उल-अर्ज नावाच्या नोंदीची तरतूद आहे. गावातील पाण्याचे, वहिवाटीच्या रस्त्याचे, मासेमारीचे जे रिवाज असतील ते त्यात नमूद करावयाचे असतात. सातबाऱ्यावर बारा क्रमांकाच्या नमुन्यात जलसिंचनाच्या साधनाचा रकाना असतो. आपल्या शेताच्या उताऱ्यावर त्या रकान्यात काय लिहिले आहे, हे प्रत्येकाने एकदा पाहावे. पाट असे लिहिलेले असेल आणि शेतात पाट पोचत नसेल, तर कागद आणि जमीन यांच्यामध्ये कोठेतरी गाळ साचला आहे असे समजावे.

उतरती कळा

फडपद्धत एका दिवसात मोडली नाही. १९६० नंतर गावोगाव विहिरींवर तेलाची व विजेची इंजिने आली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. स्वतःचे पाणी, स्वतःचे पीक, पंचांस विचारावयास नको. पण फडात दोनचार जणांनी स्वतःच्या पाण्यावर निराळे पीक घेतले की बाकीच्यांची पाळी बिघडे. ज्याची विहीर झाली त्याला पाटाचा गाळ काढण्याची निकड उरली नाही. त्याचा माणूस येईनासा झाला, मग शेजाऱ्याचाही येईनासा झाला. वारसांत जमिनीचे तुकडे पडत गेले, तेव्हा प्रत्येक फडात प्रत्येकाचा तुकडा ही मूळ वाटणीही विस्कटली. नदीवर वरच्या अंगास धरणे झाली. त्यांचा लाभ पुष्कळांस झाला, परंतु नदीचे पूर्वीचे बारमाही वाहणे बदलले. पात्रातील वाळू उपसली गेली तसे पाणी खोल गेले. जेथे पाणी भरवशाचे राहिले आणि लोक एकत्र राहिले तेथे फड टिकले. इतरत्र बंधारा उभा आहे आणि पाट बुजला आहे, असे चित्र दिसू लागले.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत मालगुजारी तलाव प्रसिद्ध आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातील जाणकारांनी व इतरांनी हे तलाव बांधले आणि त्यांची निगा राखली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली व तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जाणे न्यायाचेच होते. परंतु तलावाची मालकी कोणाची हे ठरले, तसे दरवर्षी तलावातील गाळ कोणी काढावयाचा हे ठरले नाही. सरकारला वाटे लोक काढतील, लोकांना वाटे आता तलाव सरकारचा. या दोन वाटण्यांच्या मधोमध पुष्कळ तलाव गाळाने भरले.

'गाव करी ते राव न करी' ही म्हण आपण नेहमी वापरतो. या इतिहासाने तिची दुसरी बाजू दाखविली. गावाने करावयाचे सोडले, तर ते करावयास राव सहसा येत नाही.

दुष्काळानंतरची जाग

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सुकडी, खडी फोडण्याची कामे आणि हजेरीपट आठवतात. त्या कामांनी लाखो माणसे जगविली. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. मात्र हजेरीपट बंद झाला की काम थांबे, आणि झालेल्या बांधबंदिस्तीकडे कोणी फिरकत नसे. याच सुमारास महाराष्ट्रात काही ठिकाणी निराळ्या वाटेने प्रयत्न झाले, आणि त्यांपैकी दोन ठिकाणी आरंभ देवस्थानाशी निगडित आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना विशेष वाटेल.

पहिले ठिकाण पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातले नायगाव. पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे हे दुष्काळात तेथील हाल पाहून अस्वस्थ झाले. त्यांनी गावातील देवस्थानाची सुमारे ४० एकर माळाची जमीन भाडेपट्ट्याने घेतली. उतारावर बांध घातले, खाली पाझर तलाव व विहीर केली, आणि अडविलेल्या पाण्यावर त्या माळात धान्य व झाडे उभी करून दाखविली. १९७४ मध्ये त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केले आणि त्यातून पाणी पंचायतीची कल्पना पुढे आली. पाण्याची वाटणी जमिनीवर नव्हे तर घरातील माणसांवर करावयाची. माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे पाणी. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. उसासारखे जास्त पाणी पिणारे पीक घ्यावयाचे नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करावयाचा. जुन्या फडपद्धतीतील भूमिहीनांची जी उणीव वर सांगितली, तिचे उत्तर नायगावने दिले असे म्हणावे लागेल. विलासराव २००२ मध्ये निवर्तले, परंतु पाणी ही जमिनीच्या मालकीची शेपटी नव्हे, हा त्यांचा विचार मागे राहिला.

दुसरे ठिकाण पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी. जिल्हा अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले तेव्हा गावातील यादवबाबांचे मंदिर मोडकळीस आले होते. मंदिराचे लाकूडदेखील लोकांनी काढून दारूच्या भट्ट्यांत घातले होते. अण्णांनी आपल्या भविष्यनिर्वाह निधीच्या पैशातून मंदिराचा जीर्णोद्धार हाती घेतला. आधी एकट्याचा पैसा लागला, मग गावकऱ्यांचे हात लागले. दुरुस्त झालेल्या मंदिरात गाव बसू लागले, आणि तेथे बसल्यावर दारूचा, शाळेचा व पाण्याचा विषय निघू लागला. सरकारने बांधलेला पाझर तलाव गळत होता. तो लोकांनी श्रमदानाने दुरुस्त केला. ओढ्यांवर बांध पडले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी झाली, विहिरींना पाणी वाढले. मंदिर ही तेथे कामाची अखेर ठरली नाही, आरंभ ठरली.

आपल्या जिल्ह्यातील दाखले

दूरचे कशाला, धुळे जिल्ह्यातच असे दाखले आहेत. साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या पलीकडे डोंगरात बारीपाडा हा आदिवासी पाडा आहे. १९९० नंतरच्या दशकात तेथील चैत्राम पवार या शिकलेल्या तरुणाने नोकरीमागे न जाता गावातच राहून लोकांना जंगल राखण्याच्या कामी लावले. त्यांना वनवासी कल्याण आश्रमाचे सहकार्य मिळाले. जंगल इतके विरळ झाले होते की पाड्यावर पाण्याची व सरपणाची दोहोंची टंचाई होती. गावाने आपले नियम आपणच केले. झाड तोडणाऱ्यास दंड ठेवला आणि राखणीस माणसे नेमली. ओढ्यानाल्यांवर श्रमदानाने शेकडो लहान बांध घातले. आज सुमारे ११०० एकर जंगल त्यांच्या राखणीत आहे. रानभाज्यांचा उत्सव तेथे भरतो व त्यात पाड्यावरील स्त्रिया पुढे असतात. चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. डोंगरातील जंगल टिकले तर खालच्या नदीचा झरा टिकतो, म्हणून बारीपाड्याच्या कामाचे ऋण खोऱ्यातील गावांवरही आहे.

धुळे तालुक्यातील लामकानी येथे डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकाराने गावाने उघड्या डोंगरावर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली. तेथे आधी गवत परतले, मग झाडे व पाणी. गुरे असलेल्या गावाने गुरांना डोंगरावर जाण्यापासून रोखणे ही सोपी गोष्ट नाही. त्याकरिता गवत कापून आणण्याची सवय लावावी लागली आणि शेजारच्या गावांचीही समजूत घालावी लागली. असे काम भाषणाने होत नाही.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारनेही हाच कित्ता गिरविला. पोपटराव पवार १९८९ मध्ये तेथे सरपंच झाले. गावात पाणलोटाची कामे झाली, पण त्याहून महत्त्वाची आहे ती तेथील पाण्याच्या जमाखर्चाची पद्धत. पाऊस किती पडला, विहिरींना किती पाणी आहे, पिण्यास किती, जनावरांस किती आणि शेतीस किती, हे दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडतात व त्यावरून पिके ठरवितात. शेतीसाठी कूपनलिका घ्यावयाची नाही, ऊस व केळी लावावयाची नाही, असे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. पाणी पाहून फड ठरविण्याचा पांझराकाठचा जो जुना रिवाज, त्याचीच ही नवी वही होय.

स्पर्धा संपल्यानंतर

अलीकडे, २०१६ ते २०१९ या काळात, पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने गावोगाव श्रमदानाचे वारे वाहिले. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई व कोरेगाव असे तीनच तालुके होते आणि सातारा जिल्ह्यातील वेळू गाव पहिले आले. पुढे स्पर्धा पाऊणशे तालुक्यांपर्यंत वाढली. वर्धा जिल्ह्यातील काकडदरा, माण तालुक्यातील टाकेवाडी, बार्शी तालुक्यातील सुर्डी या गावांनी नंतरच्या वर्षांत पहिला क्रमांक मिळविला. पहाटे चारीवर कुदळ घेऊन जाणारी शाळेची मुले, शहरांतून सुटी काढून आलेले चाकरमाने आणि एकाच टोपलीला हात लावणारी भिन्न जातींची व पक्षांची माणसे, हे दृश्य महाराष्ट्राने त्या उन्हाळ्यांत पाहिले.

तथापि स्पर्धा पंचेचाळीस दिवसांची असते, आणि गाळ दरवर्षी येतो. समतल चर पावसापावसाने भरतात, बांधाच्या कडा खचतात, दगडी बंधाऱ्याचा एखादा दगड निसटतो. ज्या गावांनी स्पर्धेनंतर निगराणीस माणूस व दिवस ठरवून ठेवला त्यांच्या कामाचा उपयोग टिकतो. ज्यांनी तो ठरविला नाही त्यांच्याकडे थोड्याच वर्षांत नुसते खड्डे व फलक उरतात. खोदण्याचा उत्साह सर्वांस येतो. उपसण्याचा कंटाळाही सर्वांसच येतो. जुन्या फडपद्धतीने हा कंटाळा माणसाच्या चांगुलपणावर सोडला नव्हता. त्यासाठी दिवस, माणूस, मेहनताना आणि दंड अशा चारही गोष्टी ठरवून टाकल्या होत्या. शतकानुशतके पाट वाहिला याचे रहस्य दगडचुन्यापेक्षा या चार गोष्टींत अधिक आहे.

आता पुढे काय

मंदिराच्या कामातून गावास एक अनुभव मिळाला आहे. वर्गणी कशी गोळा करावी, हिशेब उघडा कसा ठेवावा, बाहेरगावच्या मंडळींशी पत्रव्यवहार कसा करावा, मतभेद झाले तरी काम कसे अडू देऊ नये, हे सर्व गाव शिकले. हे शिक्षण कळस चढल्यावर वाया जाऊ देणे योग्य होणार नाही.

पाटाचे काम पुन्हा उभे करावयाचे तर फार मोठ्या खर्चाची आवश्यकता पहिल्याच दिवशी नाही. आखाजीनंतरचा एक आठवडा पाटाच्या सफाईसाठी ठरावा आणि घरटी एक माणूस यावा. ज्यास येणे शक्य नाही, त्याने एका दिवसाची मजुरी पाटाच्या खात्यात भरावी. बाहेरगावी असलेल्या देणगीदारांना देवाच्या कार्यात जसा वाटा मिळाला तसा येथेही मिळेल. पाटावर लक्ष ठेवणारा एक पाटकरी गावाने नेमावा आणि त्याचा मेहनताना वेळेवर द्यावा. विहिरींची पाण्याची पातळी पावसापूर्वी व पावसानंतर मोजून एका वहीत लिहावी आणि ती वही ग्रामसभेत वाचावी. पाण्याच्या बैठकीत भूमिहीनांस व स्त्रियांस जागा असावी. शासनाचा २००५ चा सिंचन व्यवस्थापनाचा कायदा शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना मान्यता देतो. नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या संस्थांनी संपूर्ण प्रकल्पाचे पाणी स्वतः वाटून दाखविले आहे. म्हणजे ही गोष्ट अशक्य कोटीतली नाही.

पूर्वी जसे चार फड होते तसेच ते पुन्हा होतील, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. विहिरी राहणार, विजेचे पंप राहणार, आणि आपल्या शेतात काय पेरावे हे आपणच ठरवावे असे प्रत्येकास वाटत राहणार. परंतु विहिरीत पाणी येते ते कोठून? ते पाटाच्या, ओढ्याच्या व बंधाऱ्याच्या पाझरातूनच येते. विहीर एकाची असली तरी तिच्यातील झरा गावाचा असतो. एवढे ज्याला पटले त्याला पाटावर एक दिवस येण्यास दुसरे कारण सांगावे लागणार नाही.

मंदिर बांधून झाले तरी रोज सकाळी कोणी तरी झाडलोट करतो, दिवा लावतो, म्हणून ते मंदिर राहते. पाटाचेही तसेच आहे. त्याचा जीर्णोद्धार एकदाच होत नाही, तो वर्षास एकदा करावा लागतो. ज्यांनी या शुभकार्यास हात दिला ते सर्व ग्रामस्थ, माहेरवाशिणी व देणगीदार यांनी तोच हात येत्या आखाजीनंतर पाटास द्यावा, आणि पुढच्या पिढीस कळसाबरोबर वाहते पाणीही पाहावयास मिळावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.